कुटुंबाचा इतिहास आणि सरकारी दप्तर : तालुका व जिल्हा पातळीवरील अभिलेखांचा शोध

प्रास्ताविक

आजोबांच्या वडिलांचे नाव सांगता येणारे पुष्कळ जण भेटतात. त्यांच्याही वडिलांचे नाव विचारले की बहुतेकांचे बोलणे अडते. ज्या घराण्यांकडे सनदा, कैफियती आणि वंशावळी होत्या त्यांचा इतिहास संशोधकांनी लिहिला. सामान्य रयतेच्या घरात असे कागद नसतात आणि असलेच तर ते वाळवीने किंवा वाटणीने संपविलेले असतात. तथापि रयतेचे नाव शेतसाऱ्यासाठी, जन्ममृत्यूच्या गणतीसाठी, शाळेच्या पटासाठी सरकारने लिहून ठेवले आहे. घरात नसलेला इतिहास तालुक्याच्या अभिलेख कक्षात असण्याची शक्यता त्यामुळे नेहमीच शिल्लक राहते.

हा शोध आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. १८ ऑक्टोबर २००१ रोजी महाराष्ट्रात जात प्रमाणपत्राच्या पडताळणीचा कायदा अंमलात आल्यापासून पूर्वजांच्या नोंदी हजारो कुटुंबांना अक्षरशः हुडकाव्या लागल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा विचारला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदींच्या शोधासाठी नेमली गेली, तेव्हा कोणकोणत्या खात्यांच्या कोणकोणत्या नोंदवह्यांत माणसांची नावे दडलेली आहेत हे सर्वसामान्य वाचकाच्याही ध्यानी आले. खरेदीखतांच्या वह्या, शाळांची रजिस्टरे, कारागृहांची पुस्तके असे नाना तऱ्हेचे दप्तर त्या निमित्ताने बाहेर आले.

प्रस्तुत लेखात या दप्तराकडे कुटुंबाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले आहे. येथे एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. सरकारी दप्तर नाती जपण्यासाठी लिहिलेले नाही. जमीन, पैसा, पद किंवा देह यांपैकी काही एका ठिकाणाहून दुसरीकडे गेले की त्या घटनेची नोंद होते आणि तिच्या अनुषंगाने माणसाचे नाव येते. म्हणून नुसते नाव घेऊन अभिलेख कक्षात जाणारा अभ्यासक सहसा रिकाम्या हाताने परततो. आपल्या घरात कोणत्या वर्षी काय हस्तांतरित झाले असेल, असा प्रश्न घेऊन जाणाऱ्यास वाट सापडते.

हद्दी बदलल्या, दप्तरे विखुरली

पहिली अडचण भूगोलाची आहे. आजचा जिल्हा हा पूर्वजांचा जिल्हा असेलच असे नाही. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, जालना त्याच वर्षी औरंगाबादमधून (आजचे छत्रपती संभाजीनगर), लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून (आजचे धाराशिव) आणि पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. पूर्व व पश्चिम खानदेशाचे जळगाव व धुळे झाले, दक्षिण साताऱ्याचे सांगली झाले, कुलाब्याचे रायगड झाले. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. त्यापूर्वीच्या काळातील चंदगडच्या माणसाचा माग काढताना बेळगावचे दप्तर विसरून चालत नाही. नवा जिल्हा झाला की चालू कामाचे कागद नव्या मुख्यालयी जातात. जुने कधी जातात, कधी मूळ ठिकाणीच राहतात. यास्तव शोध सुरू करण्यापूर्वी आपल्या गावाची तालुका व जिल्हा पालटण्याची वर्षे एका कागदावर मांडून घ्यावीत. जिल्हा गॅझेटियरांतून हे काम अर्ध्या दिवसात होते.

यापेक्षा मोठी विभागणी राजवटींची आहे. मुंबई इलाख्यातील गावांची महसुली मांडणी एका पद्धतीची, विदर्भाची मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पद्धतीची आणि मराठवाड्याची हैदराबाद संस्थानच्या पद्धतीची होती. पश्चिम महाराष्ट्रात सातबारा व फेरफार यांच्या मागे जाता जाता कडईपत्रक व सर्वेक्षणाचे कागद लागतात. विदर्भात १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आणि तिच्या मागे बंदोबस्ताची मिसल लागते. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक हा मोठा टप्पा आहे; त्याच्या आधीचे पुष्कळ कागद उर्दूत असून त्यांवर फसली सन असतो. औंध, भोर, फलटण, जत, सावंतवाडी, जंजिरा ही संस्थाने १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये विलीन झाले. तेथील गावांच्या जुन्या नोंदी संस्थानी दप्तरात पाहाव्या लागतात. गोव्याशी सोयरीक असलेल्या दक्षिण कोकणातील कुटुंबांना पोर्तुगीज भाषेतील नागरी नोंदणीची पुस्तकेही उपयोगी पडतात. गोव्याच्या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ ची आहे, हे येथे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

राज्य पातळीवरील पुराभिलेख संचालनालयाचा आरंभ १८२१ मधील मुंबईच्या अभिलेख कार्यालयापासून होतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. इनाम, वतन किंवा पाटीलकी-कुलकर्णीपणाचा संबंध ज्या घराण्यात होता त्यांनी तेथे अवश्य जावे. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने केलेल्या चौकशीत अशा घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कैफियती तपासल्या गेल्या. मात्र ज्यांचे पूर्वज साधे कुणबाऊ शेतकरी, बलुतेदार किंवा मजूर होते त्यांनी राज्य पुराभिलेखागारापासून आरंभ करू नये. त्यांचा कागद तालुक्यात आहे.

सातबाऱ्यापासून मागे

शेतजमीन असलेल्या कुटुंबाने आजच्या सातबाऱ्यापासून निघावे. गाव नमुना सातमध्ये खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात काही क्रमांक दिसतात. ते फेरफाराचे क्रमांक होत. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हीच कुटुंबाच्या इतिहासाची खरी किल्ली आहे. सातबारा सांगतो की अमुक माणूस खातेदार आहे. तो कसा झाला हे फेरफार सांगतो. खातेदार कोणत्या तारखेस मयत झाला, त्याच्या मागे कोण कोण वारस राहिले, त्यांची वये काय होती, जमीन कोणाकडून आणि किती रुपयांस घेतली, कोणाकडे गहाण पडली, हे तेथे चारदोन ओळींत असते. फेरफाराने कमी झालेले नाव सातबाऱ्यावर कंसात जाते. ‘नाव कंस झाले’ हा तलाठी कचेरीतला वाक्प्रयोग त्यावरूनच पडला. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याने आधी कंसातली नावे वाचावीत.

एका फेरफारावरून त्याच्या आधीचा, त्यावरून त्याही आधीचा, असे मागे जाता येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा असल्याने ही साखळी सामान्यतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपर्यंत पोहोचते. तिच्या आधी सर्वेक्षणाचे कागद आहेत. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून ज्या पद्धतीला आरंभ केला तिच्यातून गावोगाव शेतवार पत्रके तयार झाली. ती आणि टिपण, पक्का बुक, क्लासर रजिस्टर, प्रतिबुक इत्यादी कागद भूमी अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयात शोधावे लागतात.

या मार्गात एक ठिकाणी हमखास ठेच लागते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार गावोगावी वेगवेगळ्या वर्षी एकत्रीकरण योजना राबविली गेली आणि जुने सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर घेऊन १९४० चे दप्तर उघडणारा अभ्यासक दुसऱ्याच कोणाच्या शेतात जाऊन उभा राहतो. जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ एकत्रीकरणाच्या जबाबात, ज्याला कचेरीत ‘नऊ तीन, नऊ चारचा उतारा’ म्हणतात, त्यात मिळतो. कोकणात पुष्कळ ठिकाणी सर्वे नंबर व हिस्सा नंबरच चालू राहिले असल्याने तेथे हा प्रश्न तितका जाचक नाही.

सातबाऱ्यावरील संक्षेपांकडेही लक्ष द्यावे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे अक्षर थोरल्या भावाच्या नावापुढे असेल तर त्याच्या मागे निदान एक तरी धाकटा भाऊ उभा आहे असे समजून चालावे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हे अक्षर दिसले की बाप लवकर वारला, मुले लहान होती आणि आई, चुलता किंवा मामा यांपैकी कोणी त्यांचा सांभाळ करीत होता, एवढी कथा त्या तीन अक्षरांत आलेली असते. कूळकायद्याचेही तसेच आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांच्यामुळे, ज्यांचे नाव तोवर फक्त पीकपाहणीत किंवा इतर हक्कांत होते अशी असंख्य कुटुंबे मालकी सदरात आली. या कुटुंबांच्या बाबतीत कुळ नोंदवही आणि कूळकायद्याखालील किंमत ठरविण्याच्या प्रकरणांतील जबाब वाचावेत. कोण, किती वर्षांपासून, कोणाची जमीन कसत होता हे त्यांत कुळाच्याच तोंडून आलेले असते.

स्त्रियांची नोंद

जमिनीच्या दप्तरात स्त्री मालक म्हणून क्वचित येते. जुन्या फेरफारांत वारसांची नावे देताना मुलगे नावानिशी येतात आणि मुली लग्न होऊन सासरी नांदत आहेत असे म्हणून विषय मिटविलेला असतो. विधवेचे नाव अन्नवस्त्राच्या हक्कापुरते इतर हक्कात लागते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे वारस नोंदीत येऊ लागली. महाराष्ट्राची १९९४ ची आणि केंद्राची २००५ ची दुरुस्ती यांनी सहदायाचा हक्कही दिला. या प्रत्येक कायद्यानंतर एका विशिष्ट दस्ताची संख्या वाढलेली दिसते, तो म्हणजे हक्कसोड पत्र. भावांच्या लाभात बहिणींनी हक्क सोडला असे सांगणाऱ्या या दस्तात सगळ्या बहिणींची नावे, त्यांच्या पतींची नावे, वये आणि सासरची गावे असतात. कुटुंबाच्या इतिहासाच्या दृष्टीने हा सोन्यासारखा कागद आहे. स्त्रीच्या दृष्टीने तो काय आहे हेही वाचणाऱ्याने विसरू नये. जिच्या नावावर गुंठाही नाही अशा आत्याचे किंवा पणजीच्या बहिणीचे पूर्ण नाव व पत्ता सरकारी दप्तरात शिल्लक राहिला तो तिने जमीन सोडली म्हणून, हा विचार मनाला स्वस्थ बसू देत नाही.

असे दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मिळतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तेथे स्थावर मिळकतीच्या दस्तांची पहिली वही कोणासही फी भरून पाहता येते. सूची क्रमांक एक व्यक्तींच्या नावांवरून आणि सूची क्रमांक दोन मिळकतीवरून लावलेली असते. आपल्याकडे वकिलांच्या सवयीमुळे सगळे जण सूची दोन मागतात. कुटुंबाच्या अभ्यासकाने आधी सूची एक मागावी. मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र तिसऱ्या वहीत नोंदले जाते व तिच्या नकला सर्वांना खुल्या नसतात. वंशावळीत एखादी शाखा एकाएकी आडनाव बदलून अवतरली असेल, तर दत्तकविधानाचा शोध घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

जमीन नसलेल्यांचा माग

ज्यांना जमीनच नव्हती त्यांचे काय, हा या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. सातबाऱ्याची वाट त्यांना बंद आहे. त्यांच्यासाठी गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला सर्वत्र कोतवाल बुक म्हणतात, ती सर्वांत उपयुक्त ठरते. कोतवालाने वर्दी द्यायची आणि पुस्तकात नोंद व्हायची, अशी ती रीत. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहून बापाचे नाव व जात दिलेली असते. म्हणून पणजोबांचे नाव शोधण्याऐवजी त्यांच्या बापाच्या नावाने त्या चारपाच वर्षांतील सगळे जन्म उतरवून घ्यावेत आणि भावंडांचा क्रम जुळवून ठरवावे. मृत्यूच्या बाजूस १९१८ ची पाने सावकाश वाचावीत. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने एका घरातील दोनतीन माणसे आठवड्याभरात गेल्याच्या नोंदी भेटू शकतात आणि घराण्याची एखादी शाखा त्या पानावरच संपलेली आढळते. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वीची पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारावीत.

दुसरे साधन शाळेचे. प्रवेश-निर्गम नोंदवही, म्हणजे जनरल रजिस्टर, यात नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असते. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. शाळा जूनमध्ये उघडत आणि गुरुजी वय अदमासाने धरीत. त्यामुळे महाराष्ट्रातील एका पिढीचा मोठा भाग १ जून रोजी जन्मलेला आहे. कारण या रकान्यात मात्र ‘गैरहजर’, ‘परगावी गेला’ अशा दोन शब्दांत स्थलांतराचा पत्ता लागून जातो.

वतनदार बलुतेदारांची गोष्ट निराळी. महार वतन आणि इतर कनिष्ठ गावकामगारांच्या वतनांच्या नोंदी महसुली दप्तरात असत आणि ही वतने रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीत वतनदारांच्या हिश्शांची पुन्हा नोंद झाली. भूमिहीन समजल्या जाणाऱ्या अनेक कुटुंबांची नावे तेथे मिळू शकतात. १९५१ च्या जनगणनेबरोबर तयार झालेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर ज्या तालुक्यात टिकले आहे तेथे ते घरवार यादीचे काम करते. जनगणनेची व्यक्तिगत माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय असून ती मागून उपयोग नाही. अमेरिकेत ती ७२ वर्षांनी खुली होते आणि तेथील काउंटी कचेरीत विवाह, मृत्युपत्र व खरेदीखत यांचे कागद एकाच इमारतीत मिळण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. आपल्याकडील अभ्यासकाला महसूल, भूमी अभिलेख, नोंदणी व शिक्षण अशा चार खात्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

भटक्या व विमुक्त जमातींच्या वाट्याला आलेले दप्तर मात्र सर्वांत विपरीत आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि ज्यांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसविले, त्यांची नावे पोलिसांच्या व वसाहतींच्या पुस्तकांत आली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. गाव नाही, शेत नाही, शाळा नाही, अशा कुटुंबाच्या नातवाला आज शिक्षणासाठी १९६१ पूर्वीचा पुरावा हवा असतो, आणि आजोबांना कलंक लावण्यासाठी लिहिलेले तेच पुस्तक कित्येकदा त्याचा एकमेव पुरावा असते. ज्यांचे नाव त्या पुस्तकातही नाही त्यांना पुरावा कोठून आणावा, याचे उत्तर दप्तराकडे नाही. ते नियम करणाऱ्यांनी द्यायचे आहे.

मोडी, सन आणि नावांची रीत

साधारण १९५० पूर्वीचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत, त्यामुळे एकच नाव दोन तऱ्हांनी वाचता येते. जाणकाराकडून वाचून घेतले तरी तेच नाव त्याच लेखकाच्या हातचे दुसऱ्या पानावर कसे दिसते हे आपण स्वतः पडताळून पाहावे. आडनाव बहुधा नसतेच. ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘वलद तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा, ‘कोम तमुक’ म्हणजे तमुकची बायको. आडनावाच्या जागी कधी धंदा, कधी गाव, कधी नुसते ‘पाटील’ असते. म्हणून केवळ आडनाव जुळले म्हणून नाते जोडणे धोक्याचे आहे, आणि आडनाव जुळत नाही म्हणून नोंद टाकून देणेही तितकेच चुकीचे. सर्वे नंबर, बापाचे नाव आणि गाव यांपैकी निदान दोन गोष्टी जुळाव्यात, असा नियम स्वतःपुरता घालून घेणे बरे.

कालगणनेसाठी शक सनात ७८ किंवा ७९, फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन येतो. कोणता आकडा घ्यावयाचा हे महिन्यावर अवलंबून असते.

नकला मिळविताना

काही जुने महसुली अभिलेख आता ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात आणि चालू सातबारा ‘महाभूलेख’वर दिसतो. तेथे पाहून गाव व क्रमांक निश्चित करावेत आणि मग तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज द्यावा. अर्जात ‘माझ्या पूर्वजांच्या सर्व नोंदी’ असे लिहिल्यास ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. नोंदवहीचे नाव, गाव, वर्ष आणि क्रमांक दिल्यास रुमाल खाली काढावाच लागतो. शक्य झाल्यास आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागावी, कारण शेजारच्या पानावर काय आहे हे नकलेवरून कधीच कळत नाही.

महसुली कागदांचे अ, ब, क, क-१ व ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायम राहतो, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १० वर्षे, क-१ पाच वर्षे आणि ड एक वर्ष. फेरफार नोंदवही कायमची असते. तिच्या पाठीमागचे जबाब व अर्ज मात्र मुदतीनंतर नष्ट होऊ शकतात. जे मिळत नाही ते नियमाप्रमाणे नष्ट झाले की केवळ सापडत नाही, यांत मोठे अंतर आहे. नष्ट केलेल्या कागदांची यादी ठेवलेली असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ती यादी मागता येते, आणि यादीत आपला कागद नसेल तर शोध पुन्हा घ्यावा असा आग्रह धरता येतो.

मिळालेल्या प्रत्येक नकलेच्या पाठीवर कार्यालय, नोंदवही, पान आणि दिनांक पेन्सिलीने लिहून ठेवावा. घरातील वडीलधाऱ्यांना ती नक्कल वाचून दाखवावी. फेरफारातील सासरच्या गावाचे नाव ऐकल्यावर, तीस वर्षे कोणी न उच्चारलेले एखादे नाते त्यांना आठवते आणि पुढचा अर्ज कोणत्या तालुक्याला करायचा ते समजते.